‘साभार’ लिहिलं, पण विचारलं का?

प्रश्न : आम्ही चौघं मिळून गेली सहा वर्षं एक ऑनलाइन मासिक चालवतो. सगळा हौसेचा मामला आहे. आम्हाला पैसे मिळत नाहीत आणि लेखकांनाही देता येत नाहीत. गेल्या महिन्यात आमच्याकडचा झोपेवरचा एक दीर्घ लेख दुसऱ्या संकेतस्थळावर जसाच्या तसा दिसला. लेखिकेचं नाव नाही, आमचं नाव नाही, खाली फक्त ‘साभार : इंटरनेट’. त्याच आठवड्यात एका शिक्षकांनी तोच लेख विद्यार्थ्यांच्या वाचनसंग्रहात घ्यायची परवानगी मागितली. आणि एका जुन्या लेखकाला आमच्याकडे आलेल्या आपल्या बारा लेखांचं पुस्तक काढायचंय, ‘तुमची हरकत नाही ना?’ असं त्याने विचारलंय. तिघांना काय कळवायचं यावरून आमच्यातच जुंपली. एक जण म्हणतो, ‘सर्व हक्क राखीव’ असं ठळक छापून टाका. दुसरी म्हणते, ज्ञान सगळ्यांचं असतं, घेऊ द्या ज्याला हवं त्याला. शेवटी पुनर्वापराचे नियम एकदाचे लिहून काढायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कुठून सुरुवात करू?
— मधल्या मध्ये अडकलेली संपादक

उत्तर :

सुरुवात शेवटच्या माणसापासून करा, म्हणजे पुस्तक काढू पाहणाऱ्या लेखकापासून. तो विचारतोय, हरकत नाही ना. मी तुम्हाला विचारते, हरकत घ्यायचीच म्हटली तर कशाच्या जोरावर घ्याल? त्याने मेलला लेख जोडला, ‘आवडला तर घ्या’ असं लिहिलं, तुम्ही शुद्धलेखन तपासून तो प्रसिद्ध केलात. बहुधा एवढंच झालं असणार, कारण हौशी मासिकांत याहून जास्त लिखापढी मी क्वचितच पाहिली आहे. या व्यवहारात तुम्हाला मिळाली ती तुमच्या मासिकात लेख प्रसिद्ध करायची मुभा. कॉपीराइट त्याचा त्याच्याकडेच राहिला. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं सहसा मालकाचं धरतात, पण तुमच्याकडे कुणीच पगारी नाही. आणि बाहेरच्या लेखकाचा हक्क आपल्या नावावर करून घ्यायचा तर अमेरिकेच्या आणि भारताच्या कायद्यात तो लेखी आणि सहीनिशीच होतो. भारतीय कायद्यात तर करारात मुदत लिहायची राहून गेली, तर ती पाचच वर्षं धरतात. तोंडी ‘चालेल ना?’ ‘हो, चालेल’ यावर कुणाचा कॉपीराइट इकडचा तिकडे होत नाही.

तेव्हा त्या लेखकाला आनंदाने कळवा की हक्क तुमचाच आहे, लेख आधी आमच्याकडे आले होते एवढा उल्लेख पुस्तकात केलात तर आवडेल. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आणून द्या. त्या बारा लेखांसोबतची चित्रं तुमच्यापैकी कुणी किंवा बाहेरच्या चित्रकाराने काढली असतील, तर ती त्या चित्रकाराची. ती पुस्तकात हवी असतील तर त्याने चित्रकाराला वेगळं विचारायला हवं. एखादा लेख तुमच्यातल्या कुणी अनुवाद करून छापला असेल, तर तिथे मूळ लेखक आणि अनुवादक अशा दोघांचा हक्क येतो.

आता शिक्षकांकडे या. त्यांना तुम्ही ‘अवश्य घ्या’ म्हणालात तर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवल्यासारखं होईल. लेख लेखिकेचा आहे, होकार तिचा हवा. तुमचं काम निरोप पोचवायचं आणि उत्तर लवकर आणून द्यायचं. वर्गात शिकवताना लेख वाचून दाखवणं, त्यावर चर्चा करणं याला बऱ्याच देशांचे कायदे सवलत देतात. संग्रह छापून वाटणं किंवा विकणं ही त्यापुढची पायरी आहे, आणि तिथली सवलत देशागणिक बदलते. मी वकील नाही, पण ज्या शिक्षकांनी आपणहून विचारलंय त्यांना कायद्याचं पुस्तक दाखवत बसण्यापेक्षा लेखिकेचा होकार मिळवून देणं सोपं आहे.

यातूनच तुमच्या नियमांची पहिली ओळ निघते, आणि ती वाचकांसाठी नसून तुमच्या लेखकांसाठी आहे. जे आपण घेतलंच नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून पुनर्वापराचे नियम लिहिण्याआधी लेखकांना पाठवायचं एक छोटं पत्र तयार करा. मी माझ्यापुरता वापरते तो मसुदा देते, हवा तसा बदला :

‘लेखाचा कॉपीराइट तुमचाच राहील. आम्हाला तो आमच्या मासिकात प्रसिद्ध करण्याची, तिथे कायम ठेवण्याची आणि आमच्या संकलनात घेण्याची परवानगी द्यावी. तीन महिन्यांनंतर तुम्ही तो हवा तिथे पुन्हा प्रसिद्ध करू शकता. आधी कुठे आला ते नमूद करावं ही विनंती. दुसऱ्या कुणी लेख मागितला तर दर वेळी तुम्हाला विचारायचं, की नावासह आणि बदल न करता द्यायला तुमची कायमची संमती आहे, ते कळवावं. कुणी विनापरवाना लेख उचलला तर तुमच्या वतीने तो काढायला सांगण्याचा अधिकार आम्हाला द्यावा. लेखातले उतारे, चित्रं, तक्ते इतरांकडून घेतले असतील तर ते कुठून आणि कुणाच्या परवानगीने, हे सोबत लिहावं.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य गाळू नका, ते का ते पुढे येईलच. हे पत्र नव्या लेखकांना लेख स्वीकारतानाच जाईल. जुन्यांना त्यांच्या आधी आलेल्या लेखांबद्दल पत्र पाठवावं लागेल, आणि त्यातले काही उत्तर देणार नाहीत. मौनाला संमती समजायची पद्धत इथे चालत नाही. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांचे लेख तुमच्या मासिकात जिथे आहेत तिथे राहू द्या, पण पुढे कुणाला देऊ नका.

तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांच्या म्हणण्यात थोडंथोडं तथ्य आहे. ‘सर्व हक्क राखीव’ ही ओळ 1910 च्या ब्युनोस आयरिस कराराची, म्हणजे अमेरिका खंडांतल्या देशांनी आपसांत केलेल्या कॉपीराइट कराराची देणगी. हक्क राखून ठेवल्याचं छापील निवेदन त्या कराराला लागायचं. कॉपीराइटचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार म्हणजे 1886 चा बर्न करार, त्याने वेगळी वाट धरली, आणि 1908 च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी नको, शिक्का नको, मजकूर लिहिला की हक्क आपोआप असं ठरलं. अमेरिका या करारात 1989 मध्ये आली. आज जगातले बहुतेक देश त्यात आहेत, त्यामुळे ती ओळ छापली नाही म्हणून तुमच्या लेखिकेचा हक्क तसूभरही कमी होत नाही. मात्र ओळ अगदीच निकामी झालेली नाही. चालू राजकीय, आर्थिक, धार्मिक विषयांवरचे लेख दुसऱ्या वृत्तपत्रांना छापू द्यायची मोकळीक बर्न करार देशांना देतो, पण लेखावर हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तरच. तुमच्याकडे असे लेख येत असतील तर ती ओळ राहू द्या. ठळक नको. ठळक अक्षरातल्या तंबीला चोर भीत नाही, विचारून घेणारा मात्र बिचकतो.

ज्ञान सगळ्यांचं, हे तर कायदाही म्हणतो. माहिती, कल्पना, रोजची बातमी यांच्यावर कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो ती मांडायच्या शब्दांवर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये एका टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात सांगितलं की नावं आणि नंबर वर्णानुक्रमाने लावायला कितीही घाम गाळला असला, तरी त्यातून कॉपीराइट उभा राहत नाही. तुमच्या लेखिकेने वाचून, विचारून गोळा केलेली झोपेची माहिती घेऊन कुणी आपल्या शब्दांत नवा लेख लिहिला, तर तुम्हाला तक्रारीला जागा नाही. सौजन्य म्हणून त्याने तिचं नाव घ्यावं, एवढीच अपेक्षा धरता येईल. पण त्या संकेतस्थळाने लेख लिहिलेला नाही, सरळ चोप्य-पस्ते (कॉपी-पेस्ट) केलंय.

मधला प्रांत उताऱ्यांचा. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं’, ‘तीनशे शब्दांपर्यंत माफ’ असली गणितं तुम्हाला कुणी तरी सांगेलच. मानू नका. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या आठवणींचं हस्तलिखित सुमारे दोन लाख शब्दांचं होतं. 1979 मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकाने पुस्तक येण्याआधीच त्यातले जेमतेम तीन-चारशे शब्द आपल्या लेखात जसेच्या तसे वापरले. पण ते आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना माफी का दिली याबद्दलचे होते, म्हणजे ज्यासाठी लोक पुस्तक विकत घेणार होते नेमके तेच. ‘टाइम’ने त्या भागाचे पूर्वप्रसिद्धीचे हक्क पैसे मोजून घेतले होते. त्यांनी हात आखडता घेतला आणि ठरलेले उरलेले साडेबारा हजार डॉलर दिले नाहीत. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल ‘द नेशन’च्या विरोधात दिला. दोन लाखांत तीनशे म्हणजे किती टक्के, ते तुम्हीच काढा.

शब्द मोजण्यापेक्षा उताऱ्याचं काम काय, ते बघा. बर्न कराराचा निकष असा की मजकूर आधी रीतसर प्रसिद्ध झालेला असावा, उतारा कारणापुरताच असावा, आणि सोबत मूळ ठिकाण व लेखकाचं नाव द्यावं. माझी स्वतःची कसोटी आणखी घरगुती आहे. आपला मजकूर वाचल्यावर वाचकाला मूळ लेखाकडे जावंसं वाटलं, तर उतारा बरोबर. जायची गरजच उरली नाही, तर आपण उतारा घेतलेला नाही, लेख घेतलाय.

आता जरा अवघड जागेचं दुखणं. तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका येते. तुमच्या मासिकातले फोटो कुठून येतात?

विचारण्याचं कारण माझ्याच पापात आहे. मी संपादनात नवी असताना एका लेखासाठी नेटवरून सुंदर फोटो घेतला आणि खाली प्रामाणिकपणे ‘साभार’ लिहिलं. चार दिवसांनी छायाचित्रकाराचं पत्र आलं. शिवी नाही, धमकी नाही, एकच वाक्य : ‘तुम्ही माझे आभार मानलेत, पण मी तुम्हाला काही दिल्याचं मला आठवत नाही.’ मी फोटो काढून टाकला, माफी मागितली, तो विषय तिथेच मिटला. पण तेव्हापासून तो शब्द माझ्या डोळ्यांत खुपतो. आपल्याकडे ‘साभार’ दोन्ही बाजूंनी सोयीचा. लेख नको असला की ‘साभार परत’, न विचारता हवा असला की नुसतंच ‘साभार’. निदान पहिल्यात वस्तू मालकाकडे परत तरी जाते.

याबाबतीत युरोपीय संघाच्या न्यायालयाचा 2018 चा एक निकाल बोलका आहे. जर्मनीतल्या एका विद्यार्थिनीने शाळेच्या उपक्रमासाठी स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा फोटो एका प्रवासविषयक संकेतस्थळावरून उतरवून घेतला. खाली त्या संकेतस्थळाचं नाव दिलं, आणि शाळेने तो निबंध आपल्या संकेतस्थळावर चढवला. छायाचित्रकाराने परवानगी दिली होती ती फक्त प्रवासाच्या संकेतस्थळाला. फोटो तिथे कुणालाही फुकट बघता येत होता, हेतू शिक्षणाचा होता, श्रेयही दिलं होतं. तरी न्यायालयाने म्हटलं की आपल्या जागेवर नव्याने चढवलंत, तर छायाचित्रकाराला पुन्हा विचारायला हवं. याच न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं होतं की सर्वांसाठी खुल्या पानाचा दुवा (लिंक) द्यायला परवानगी लागत नाही. दुवा आणि नक्कल यांतला हा फरक तुमच्या नियमांत पहिल्या चार ओळींत यायला हवा. दुव्याने वाचक मालकाच्या दारात जातो. नक्कल केली की मालकाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा इतरांसाठी नियम लावण्याआधी सहा वर्षांचे फोटो एकदा उघडून बसा. कंटाळवाणं काम आहे, चौघांत वाटून घ्या. ‘साभार : गुगल’ असं कुठे दिसलं तर तो फोटो आधी उतरवा, कारण शोधयंत्र हा मालक नसतो. विकिपीडियावरून परिच्छेद उचलून जोडले असतील तर तेही बघा. तिथला मजकूर फुकट असला तरी बिनशर्त नाही. श्रेय द्यायचं, आणि त्यावर बेतलेलं लिखाण त्याच परवान्याखाली खुलं करायचं, अशी त्याची अट आहे.

परवान्याचं निघालंच आहे तर क्रिएटिव्ह कॉमन्सबद्दल, म्हणजे ‘या अटी पाळा आणि न विचारता घ्या’ असं आधीच सांगून ठेवणाऱ्या तयार परवान्यांबद्दल. 2002 च्या अखेरीस पहिले परवाने आले. मुख्य परवाने सहा आहेत आणि त्या सहांतही श्रेय देणं सक्तीचं. त्यावर ‘व्यापारी वापर नको’, ‘बदल नको’, ‘पुढे देताना याच अटींवर द्या’ अशी कलमं हवी तशी जोडलेली. मोठी वृत्त आणि लेखांची संकेतस्थळं हे कसं वापरतात ते बघण्यासारखं आहे. ग्लोबल व्हॉइसेस फक्त श्रेय मागतं, त्यामुळे त्यांच्या लेखांचे अनुवाद सुखाने होतात. द कॉन्व्हर्सेशन लेख पुन्हा छापू देतं, पण बदल करू देत नाही. प्रोपब्लिका बदलही नको म्हणतं आणि विक्रीही, आणि छायाचित्रांना वेगळी परवानगी लागते हे बजावून सांगतं. तिन्ही ठिकाणी नियम लांबलचक नाहीत, पण नेमके आहेत.

तुम्ही मात्र सगळं मासिक एकदम खुलं करायच्या फंदात पडू नका. हा परवाना एकदा दिला की ज्याने त्याखाली मजकूर घेतला त्याच्याकडून परत घेता येत नाही. तुमच्या बारा लेखांच्या लेखकाचंच बघा. त्याचे लेख तुम्ही उत्साहाच्या भरात ‘कुणीही घ्या’ म्हणून सोडले असते, तर उद्या त्याच्या प्रकाशकाने त्याला काय विचारलं असतं? शिवाय ‘व्यापारी वापर नको’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण जाहिराती असलेलं संकेतस्थळ त्यात बसतं का, छपाईचा खर्च वसूल करणारा संग्रह बसतो का, यावर वाद होतात. ‘बदल नको’ म्हटलं की अनुवादही बंद होतो, कारण अनुवाद हा बदलच धरतात. माझं मत विचाराल तर मूळ नियम ‘विचारून घ्या’ असाच ठेवा. ज्या लेखकाने आपणहून खुला परवाना निवडला असेल, त्याच्या लेखाखाली तसं वेगळं लिहा.

मग नियमांचा मजकूर सहा-सात वाक्यांत उरकतो :

‘इथल्या प्रत्येक लेखाचा हक्क त्याच्या लेखकाकडे आहे. दुवा द्यायला परवानगी नको. चर्चेसाठी, परीक्षणासाठी छोटा उतारा लेखकाच्या नावासह आणि दुव्यासह घ्यावा. पूर्ण लेख, अनुवाद, ध्वनिमुद्रण किंवा छापील वापर यांसाठी आम्हाला लिहा. आम्ही लेखकाला विचारून आठवड्याभरात कळवू. चित्रं आणि छायाचित्रं लेखासोबत आपोआप मिळत नाहीत. ज्या लेखाखाली खुला परवाना दिला आहे, तिथे त्या परवान्याच्या अटी लागू.’

आठवड्याभरात म्हटलंत तर खरंच आठवड्याभरात कळवा. विचारणाऱ्याला महिनाभर ताटकळत ठेवलं की पुढच्या वेळी तो विचारत नाही.

राहिला तो चोर. आधी पुरावा ठेवा, म्हणजे तारीख आणि पत्ता दिसेल असं त्या पानाचं छायाचित्र. मग लेखिकेला विचारा की तिला काय हवंय. तुम्ही चिडला आहात म्हणून ती चिडलेली असेलच असं नाही. काहींना लेख उतरवलेला हवा असतो, काहींना नाव आणि दुवा दिला की पुरतं. आपलं नाव लेखावर असणं हा तिचा वेगळा हक्क आहे. बर्न करारात तो 1928 पासून आहे आणि कॉपीराइट विकला तरी तो लेखकाकडेच राहतो. पहिलं पत्र सभ्य असू द्या : ‘आपण अमुक पानावर प्रसिद्ध केलेला लेख अमुक लेखिकेचा असून आमच्याकडे अमुक तारखेला आला आहे. कृपया सात दिवसांत तिचं नाव आणि मूळ दुवा द्यावा, अन्यथा लेख काढावा.’ अशा पत्रांवर बरेच जण निमूट ऐकतात. ज्याने ‘साभार : इंटरनेट’ लिहिलं, त्याला आपण चुकतोय हे बहुतेक वेळा ठाऊकच नसतं.

नाहीच ऐकलं तर ते संकेतस्थळ ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिला कळवायचं. अमेरिकी कंपनी असेल तर 1998 च्या तिथल्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट) या कायद्याखाली अशा तक्रारीची ठरलेली पद्धत आहे, आणि शोधयंत्रांकडेही तशीच तक्रार करता येते. मात्र ती तक्रार हक्काच्या मालकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसानेच करायची असते, आणि आपण तो अधिकार बाळगतो हे शपथेवर सांगावं लागतं. लेखकांच्या पत्रातलं ते वाक्य गाळू नका म्हटलं, ते यासाठी. आज तुमच्या हातात तो अधिकार नाही.

मेसेजांतून फिरणाऱ्या लेखांमागे धावू नका. ते कुणाच्या हाती लागत नाहीत. फॉरवर्ड करताना लेखाची शेपटी तुटते आणि नाव शेपटीलाच असतं. म्हणून नाव लेखाच्या पोटात ठेवा. ‘तेव्हा आई मला म्हणाली’ यापेक्षा ‘तेव्हा आई म्हणाली,’ आणि पुढे लेखिकेचं नाव घेऊन मारलेली हाक. हे प्रत्येक लेखात साधणार नाही, पण साधलं तर ते कापायला उचल्याला लेख आधी वाचावा लागतो.

आज एकच मेल करा, झोपेच्या लेखाच्या लेखिकेला. शिक्षकांचं विचारणं आणि चोरीची बातमी दोन्ही तिला एकत्रच सांगा. उत्तर येईपर्यंत शिक्षकांना ‘लेखिकेला विचारलं आहे’ एवढंच कळवा. आणि त्या लेखावर जे चित्र लावलंय ते कुणाचं, तेही बघून ठेवा. शिक्षक पुढच्या मेलमध्ये तेच मागणार आहेत.